अकरावी बाब

माझ्या डोक्यात काय आहे ते तपासून मिळावं म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीनं सरकारकडे अर्ज केला. नोटीस घेऊन आलेल्या माणसाला दारातच उभं ठेवून मी ती दोनदा वाचली. अर्जदार: मालन जयसिंग थोरात. साक्षीदार: हणमंत ज्ञानू डुबल, निवृत्त द्वारचालक, कासारडोह धरण. विषय: चौदा वर्षांपूर्वीच्या दुर्घटनेतील साक्षीची चाळणी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की साक्षीदाराची संमती नसल्यास अर्ज निकाली काढला जाईल.

"पाणी घ्या आणि ही घेऊन परत जा," मी त्याला म्हटलं. तो पाणी प्याला आणि नोटीस ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मालन आली. चौदा वर्षांत ती माझी पायरी चढली नव्हती आणि मीही बोलावलं नव्हतं. तिनं आत यायच्या आधीच कागद पुढं केला.

"सही कर."

"तुझ्या नवऱ्यानं माझी बायको मारली. आता त्याची चूक माझ्या डोक्यात शोधणार व्हय?"

"खरं बोलला असशील तर भितोस कशाला? बस की एकदा त्या चाळणीत."

"मी कुणाच्या बापाला भीत न्हाई."

"बाप तुझा माझा एकच हाय. सही कर, न्हाईतर भितोस म्हणून गावभर सांगते."

मी सही केली. तिचं तोंड कायमचं बंद व्हावं एवढाच माझा हेतू होता. जाताना ती चहाला थांबली नाही आणि मीही विचारलं नाही.

आता झालं काय होतं ते सांगतो. धरणाच्या नियंत्रण कक्षात पाळी बदलताना चार्ज देण्याची आमची एक पद्धत होती. भिंतीवर चौदा बाबींची यादी लावलेली. जाणाऱ्यानं एकेक बाब मोठ्यानं म्हणायची, येणाऱ्यानं त्या वस्तूकडे बघायचं आणि 'पाहिलं' म्हणायचं. दार एक बंद. पाहिलं. दार दोन बंद. पाहिलं. डिझेल पाऊण टाकी. पाहिलं. नियम ज्यानं केला त्याचा हेतू चांगला होता, पण दिवसातून तीन वेळा, वर्षानुवर्षं तेच म्हटलं की त्याची आरती होते. जाणारा चपला घालता घालता म्हणायचा, येणारा डबा ठेवता ठेवता 'पाहिलं, पाहिलं' करायचा. रजिस्टर तर आम्ही पाळी सुरू होतानाच भरून टाकायचो, सगळ्या बाबींपुढे 'ठीक'. सगळेच तसं करायचे आणि साहेबांनाही ते माहीत होतं.

त्या दिवशी, घटस्थापनेला दोन दिवस असताना, सकाळची पाळी जयसिंगची होती आणि दुपारी दोनपासून माझी. जयसिंग मालनचा नवरा. त्याला धरणावर चिकटवला तो मीच. अकरावी बाब म्हणजे भोंग्याचा मुख्य स्विच. दारं उचलण्याआधी नदीकाठचा भोंगा तीनदा वाजवायचा आणि वीस मिनिटं थांबायचं, असा नियम. सकाळी एक मिस्त्री भोंग्याच्या खांबावर चढला होता म्हणून जयसिंगनं तो स्विच बंद केला होता. हे कुणीच नाकारलं नाही. प्रश्न एवढाच होता, की दोन वाजता चार्ज देताना त्यानं ते मला सांगितलं की नाही.

अडीचला वरून हुकूम आला. मी भोंग्याचं बटण तीनदा दाबलं आणि तिन्ही वेळा समोरचा दिवा लागला. तो दिवा बटणाचा होता, भोंगा वाजला की नाही हे त्याला कळत नव्हतं. खाली जनरेटर धडधडत होता, काचा बंद होत्या. वीस मिनिटं नुसता घड्याळाकडे बघत थांबलो आणि दोन दारं उचलली. घाटावर शिरतळ्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या, बायका नवरात्रासाठी घरोघरच्या गोधड्या धूत होत्या. पाच जणी गेल्या. त्यांतली एक शैला, माझी बायको.

चौकशीत मी शपथेवर सांगितलं की जयसिंगनं अकरावी बाब 'चालू' म्हणून सांगितली. शैला त्या दिवशी नदीवर आहे हे मला ठाऊक नव्हतं, ती सोमवारी जाणार होती, हेही सांगितलं. जयसिंग म्हणाला, मी 'बंद' सांगितलं होतं. मग रजिस्टर उघडलं. त्याच्याच अक्षरात 'ठीक'. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि नोकरी गेली.

मी खोटं बोललो नव्हतो. मला ते स्वच्छ आठवत होतं. त्याच्या कानामागं अडकवलेलं पेन आठवत होतं, 'चालू' म्हणताना त्यानं दिलेली जांभई आठवत होती. ती जांभई मी साक्षीतही सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात आली. जांभई देत पाच बायका मारणारा माणूस. गावानं त्याला तेच नाव ठेवलं आणि मला त्याचं कधीही वाईट वाटलं नाही.

तुरुंगातून आल्यावर जयसिंगनं एक नवीनच सुरू केलं. दर वर्षी नवरात्राआधी तो पाची घरांच्या दारात जातो, गोधड्या मागतो, नदीवर नेऊन धुतो आणि वाळवून परत देतो. पहिल्या वर्षी हौसाकाकूनं, जिची सून गेली, त्याच्यावर चुलीतली राख फेकली. चौथ्या वर्षापासून ती गोधड्या बांधून ओट्यावर ठेवायला लागली. हळूहळू चारही घरं ठेवायला लागली. माझ्या दारातही तो दर वर्षी येऊन उभा राहायचा, आणि मी त्याच्या तोंडावर दार लावायचो.

आठवणीतलं खरं तेवढं वेगळं काढणारी ही चाळणी येऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. खरं नाव लांबलचक आहे, पण ते कुणी घेत नाही. तिच्यामुळं किती घरं उठली याची गणती नाही. सासूनं आपल्याला घराबाहेर काढलं तो दिवस एका बाईनं चाळून घेतला, तर कडी तिनं स्वतःच काढलेली निघाली. एका गृहस्थांना बापाचे शेवटचे शब्द हवे होते. बाप काहीच बोलला नव्हता. लोक रडत बाहेर यायचे आणि पुढचे लोक तरीही रांगेत उभे असायचे. मला त्या रांगेचा मनापासून तिटकारा होता, आणि पितृपक्ष संपत आला तेव्हा मी त्याच रांगेत बसलो होतो. बाजूच्या खुर्चीवर मालन, माझ्याकडे पाठ करून.

डॉ. शबाना मुजावर पस्तिशीच्या, चष्मेवाल्या, कुणाची भीड न ठेवणाऱ्या बाई होत्या. मी म्हटलं, "बाई, मला सगळं आठवतं. तुमच्या डब्याची मला गरज नाही."

"सगळं आठवतं म्हणणाऱ्यांनाच जास्त गरज असते, काका," त्या म्हणाल्या. "आठवण ही चित्रफीत नसते. पाहिलेलं मेंदूत एका जागी राहतं, ऐकलेलं दुसऱ्या. आठवताना मेंदू ते तुकडे दर वेळी नव्यानं जुळवतो. मधे भोकं असतात, ती तो स्वतःच्या शब्दांनी बुजवतो आणि बुजवलेलंच परत ठेवून देतो. शंभर वेळा सांगितलेल्या आठवणीत अर्धंअधिक बुजवलेलं असतं. सांगणाऱ्याला फरक कळत नाही."

"आणि यंत्राला कळतो?"

"यंत्राला दिशा कळते. खरोखर डोळ्यांतून किंवा कानांतून आलेला तुकडा जागा झाला, की मेंदूच्या सालीत हालचाल खालच्या थरांतून वर जाते. आपण रचलेला असेल तर ती भाषेच्या भागाकडून खाली येते. खालून वर आलेले तेवढे आम्ही ठेवतो, बाकीचं चाळून टाकतो. एकाच क्षणी आत आलेले तुकडे एकमेकांना चिकटून निघतात. पण कुठला क्षण आधीचा, कुठला नंतरचा, कुठल्या दिवसाचा, ते यंत्र सांगू शकत नाही. मणी निघतात, दोरा निघत नाही. दोरा म्हणजे तुमची गोष्ट, आणि ती तर आम्ही काढून टाकलेली असते."

"मग उपयोग काय झाला?"

"पुष्कळांना काहीच होत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर टोप चढवला.

त्या दुपारची हकीकत त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतली. मी न अडखळता सांगितली, इतकी वर्षं सांगत आलो होतोच. मग टोप काढून त्यांनी मला आणि मालनला पडद्यासमोर बसवलं.

पडद्यावर धुरकट तुकडे होते. जनरेटरचा आवाज. बटणावरचा माझा अंगठा. लाल दिवा. घड्याळ. माझ्या भरघोस हकिकतीतलं एवढंच उरलं होतं.

"जयसिंगचा चेहरा कुठंय?" मी विचारलं. "जांभई?"

"नाही निघाली."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तुम्ही पाहिलेली नाही. पेनही नाही. ते दोन्ही नंतर आलेत, बहुतेक सांगता सांगता."

माझं डोकं सणकलं. "तुमचं यंत्र बिघडलंय," मी ओरडलो. मालन हसली. तिचं ते हसू मी विसरणार नाही.

"एक तुकडा अजून राहिलाय, तो ऐका," मुजावर बाई म्हणाल्या.

आवाज फुटका होता, पण जयसिंगचा होता. 'अकरा. भोंगा बंद हाय, मिस्त्री वर हाय. उतरला की चालू करा.' आणि लगेच, एका श्वासाचंही अंतर न सोडता, माझा आवाज: 'पाहिलं.'

मालन खुर्चीतून उठली. "ऐकलंत? ऐकलंत ना बाई?"

"बसा. हे त्या दिवसाचं आहे हे कशावरून?" बाई माझ्याकडे वळल्या. "काका, भोंगा असा दुरुस्तीला बंद ठेवायची वेळ एरवी यायची का?"

"यायची. दर दोन-तीन महिन्यांनी."

"चार्ज जयसिंगच द्यायचे?"

"बऱ्याचदा."

"मग हा त्यातल्या कुठल्याही दिवसाचा असू शकतो. त्याच क्षणाला चिकटून डोळ्यांचा एक तुकडा निघालाय. पण त्यावरून मला काही बोध होत नाही." त्यांनी बोटानं दाखवलं. काळ्या पृष्ठभागावर एक चौकोन, कडेनं लाल, मधे खाकी. "हे काय असावं? नियंत्रण कक्षात अशी वस्तू होती?"

मी पडद्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

बाईंनी अहवालावर 'अनिर्णित' असा शेरा मारला. जिन्यात मालननं मला गाठलं.

"तुला कळलंय ते काय हाय."

"काय बी कळलं न्हाई."

"मी तुझं तोंड बघत हुते, दादा. लहानपणी घागर फोडून असाच उभा ऱ्हायचास. थुंकायची सुद्धा लाज वाटती मला तुझ्यावर." आणि ती तरातरा निघून गेली.

घरी आलो, दार लावलं आणि ट्रंक उघडली. तळाशी शैलाची गोधडी होती. खालच्या बंधाऱ्याला काट्यात अडकलेली पोलिसांना सापडली होती. त्यांनी दिली तशीच गाळासकट मी ती ठेवली होती. माझे जुने खाकी गणवेश उसवून तिनं मधला भाग केला होता आणि लग्नातल्या लाल शालूची कड लावली होती. त्या उन्हाळ्यात घरातच बसून शिवलेली, आमच्या घराबाहेर कुणी न पाहिलेली. नदीवर गोधड्या वर्षातून एकदाच जातात. ही एकदाच गेली.

नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून घाट दिसतो. काळ्या खडकावर ती गोधडी पसरली होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. शैला तिथंच कुठंतरी होती. जयसिंग अकरावी बाब सांगत होता आणि मी खिडकीतून बायकोचं कसब बघत 'पाहिलं' म्हणत होतो. ती सोमवारी जाणार होती, मला ठाऊक नव्हतं, हे सगळं मी नंतर कधीतरी रचलं. कधी, ते आता कुठलंही यंत्र सांगणार नाही. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी ट्रंकेवर डोकं आपटून घेतलं.

आणि तरीही तासभर मी मार्ग शोधत होतो. अहवाल अनिर्णित होता. खाकी चौकोन कुठला, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी गप्प बसलो असतो तर मेल्यावर ते माझ्याबरोबर गेलं असतं. जयसिंगला शिक्षा भोगून झाली होती. गावानं त्याला जवळ केलं होतं. सांगून कुणाचं भलं होणार, असंही मी स्वतःला विचारलं. चौदा वर्षं गोष्ट रचणारं डोकं एका तासात गप्प कसं बसेल?

सकाळी आठ वाजता मी मुजावर बाईंना फोन केला. "तो चौकोन माझ्या बायकोची गोधडी आहे. लिहून घ्या. तुकडा त्याच दिवसाचा आहे." त्यांनी माझं वाक्य मला परत वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "सही करायला यावं लागेल, काका." मी येतो म्हटलं. मग गोधडी काखेत मारली आणि नदीवर गेलो.

जयसिंग गुडघाभर पाण्यात उभा होता. चार घरांच्या गोधड्या खडकावर, काही धुतलेल्या, काही कोरड्या. मालन काठावर पिळे मारत होती. मला बघून ती थांबली.

"दाजी," मी हाक मारली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं वळून पाहिलं. माझ्या काखेतली गोधडी बघितली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. ओले हात सदऱ्याला पुसत तो काठाकडे आला.

"देताय व्हय? द्या, द्या हिकडं. लई वाट बघायला लावलीसा, हणमंतराव."

"आधी ऐका. तुमी सांगितलं हुतं. भोंगा बंद हाय, मिस्त्री वर हाय, सगळं सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई. खिडकीतनं हिच्याकडं बघत हुतो आन् पाहिलं म्हणालो. चूक माझी हाय, दाजी. तुमची न्हाई."

त्याचे हात पुढं केलेले तसेच राहिले.

"न्हाई," तो म्हणाला. "मी चालू म्हणालो हुतो."

"तुमीच कोर्टात सांगितलं हुतं की..."

"तवा जीव वाचवाय बोललो. मागनं आठवलं सगळं. तुरुंगात बसून बसून आठवलं. पाळी संपत आलेली, डोळ्यावर झापड हुती. मी जांभई दिली आन् चालू म्हणालो."

जांभई माझी होती. माझ्या साक्षीतून ती वर्तमानपत्रात गेली, गावाच्या तोंडी गेली आणि आता ती या माणसाच्या डोक्यात जाऊन बसली होती.

"जांभई नव्हती, दाजी. ती मी घातली. यंत्रात निघाली न्हाई. तुमीबी एकदा बसा यंत्रात, तुमालाबी कळंल."

"यंत्र घाला चुलीत! मला दिसतंय ते! रोज दिसतंय!" तो ओरडला. पलीकडच्या बायका धुणं थांबवून बघायला लागल्या. "पाच बाया माझ्यापायी गेल्या. मी ते कबूल केलं. हौसाकाकूच्या पायावर डोकं ठिवलं, तिनं राख टाकली, ती बी सोसली. पोरीचं लग्न मोडलं, ते बी सोसलं. केलंय म्हणून सोसलं. आन् आज तुमी येऊन सांगताय की मी काय केलंच न्हाई?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं मी कुणाच्या गोधड्या धुतल्या?"

त्यानं खडकावरचं धोपटणं उचललं आणि ते तो माझ्या डोक्यात घालणार असं मला वाटलं. घातलं असतं तर मी हात वर केला नसता. त्यानं ते माझ्या पायाशी फेकलं.

"धू," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून त्यानं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "आता तू धू."

तो पाण्यातून बाहेर आला आणि मालनसमोर क्षणभर थांबला. "तुला कुणी सांगितलं हुतं हे उकराय?" असं तिला म्हणून तो चढण चढून गेला. मालनला चौदा वर्षं हवं होतं ते मिळालं होतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की तिची ती थुंकी परवडली असती. मग ती त्याच्या मागं गेली.

मी पँट दुमडली आणि पाण्यात उतरलो. आधी चार घरांच्या गोधड्या धुतल्या. शेवटी शैलाची. तिच्यातून गाळ निघतच राहिला. ऊन कलेपर्यंत खडकावर सगळ्या वाळवल्या, घड्या घातल्या आणि डोक्यावर घेऊन गावात गेलो.

पहिलं घर हौसाकाकूचं. ती ओट्यावर फुलवाती वळत होती. माझ्या डोक्यावरचं गाठोडं बघून तिनं कपाळावर हात आडवा धरून नीट निरखलं.

"हणमंता? तू कसा? जयसिंग का न्हाई आला?"

"तो न्हाई यायचा, काकू. आता दर साली मीच येणार."

"आन् ते का रं?"

मी गाठोडं खाली ठेवलं, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो आणि अकरावी बाब काय होती ते तिला सांगायला लागलो.